रोजच्या वापराचा चाकू

सावधानरावांनी चाकू घ्यायचं ठरवलं ते एका व्हिडिओमुळे. पण तसं कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "माणसानं तयारीत असावं." आणि "कशाच्या?" असं पुढं विचारणाऱ्याकडे ते अशा दयेनं बघायचे, की जणू त्याच्या घराला आग लागली आहे आणि त्यालाच तेवढा पत्ता नाही.

सावधानराव हे नाव त्यांच्या आईवडलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ऑफिसनं ठेवलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं, कारण त्यातली थट्टा त्यांना ऐकूच यायची नाही. त्यांच्या बॅगेत टॉर्च असायचा, जखमेवर लावायच्या पट्ट्या, बुटांच्या जादा नाड्या आणि एक शिट्टी. ही शिट्टी कधी वाजली नव्हती. चष्म्याच्या फ्रेमा घाऊक विकणाऱ्या कंपनीत, तक्रार विभागात ते होते. कुणाची काडी वाकली, कुणाचा स्क्रू पडला, की तक्रार पडद्यावर यायची आणि सावधानराव पडद्यावरूनच दिलगिरी कळवायचे. या कामाला धारदार वस्तू सोडाच, टोक केलेली पेन्सिलसुद्धा लागत नसे. परत आलेल्या फ्रेमांची खोकी तळमजल्यावर उघडली जात, आणि तिथलं राज्य पार्सलच्या बाईंचं होतं.

तर तो व्हिडिओ. त्यात एक दाढीवाला गृहस्थ जंगलात ओंडक्यावर बसायचा, खिशातून घडीचा चाकू काढायचा, अंगठ्यानं टक् करून उघडायचा आणि एक दोरी कापायचा. ती दोरी कुणी बांधली आणि ती सोडता येत नव्हती का, हे कधी कळायचं नाही. शेवटी तो कॅमेऱ्यात बघून म्हणायचा की, चाकू नसलेला माणूस म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला माणूस. सावधानरावांच्या हा शब्द जिव्हारी लागला. त्या वेळी बायकोनं आणून दिलेला चहा त्यांच्या हातात होता.

मग निवड सुरू झाली. लोकांनी लग्नं याहून लवकर ठरवली असतील. कितीतरी महिने सावधानराव जेवताना पोलादाबद्दल बोलत होते. बायको शाळेत गणित शिकवायची. ती उत्तरपत्रिका तपासता तपासता ऐकायची.

"हे पोलाद गंजत नाही, पण त्याची धार लवकर जाते," सावधानराव सांगत. "ते दुसरं धार धरून ठेवतं, पण गंजतं."

"मग दोन्ही घेऊ नका," बायको लाल पेनानं एका उत्तरावर काट मारत म्हणाली.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्या जावयाला कायम 'जावईबापू' म्हणायच्या, आणि त्या एका शब्दात त्यांना काय काय भरता येई ते ऐकणाऱ्यालाच कळे.

"जावईबापू, धारेचं एवढं चाललंच आहे तर एक सांगू? आपली भाजीची सुरी पार बोथट झालीय. टोमॅटो कापत नाही, नुसती चेपते. तेवढी धार लावून आणता का?"

"आई, ती साध्या पोलादाची आहे."

"मग टोमॅटो कुठे खास आहे?"

सावधानरावांनी हसून विषय टाळला. ज्याला एकदा उंच गोष्टींची गोडी लागली त्यानं स्वयंपाकघरात कशाला उतरायचं!

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ते दुकानात गेले. बाजारपेठेच्या एका टोकाला, कुलपं आणि बिजागऱ्या विकणाऱ्यांच्या ओळीत ते दुकान होतं. काचेच्या पेटीत चाकू मांडलेले होते आणि मागे दुकानदार पेपर वाचत होता. सावधानरावांनी त्याला पात्याची लांबी, मुठीची पकड, उघडल्यावर पातं घट्ट बसवणारा खटका, खिशाला अडकवायची पट्टी, असं सगळं विचारलं. दुकानदारानं सगळ्याची उत्तरं दिली आणि मग सहज एक प्रश्न केला.

"साहेब, कापायचंय काय?"

"म्हणजे?"

"नाही, फळं कापायची असतील तर हा बघा. खोकी उघडायची तर हा पुरे. मासे साफ करायचे तर घडीचा नको."

"रोजच्या वापराला हवाय."

"हो, पण रोज काय वापर आहे?"

सावधानरावांनी पेटीतल्या चाकूंवरून नजर फिरवली. इतके महिने त्यांनी पोलादाचा, खटक्याचा, मुठीचा अभ्यास केला होता. हा प्रश्न अभ्यासक्रमातच नव्हता. "सगळाच," ते म्हणाले. दुकानदार समजला. त्यानं सर्वांत वरच्या खणातला, काळ्या मुठीचा, सर्वांत महागडा चाकू काढून समोर ठेवला. 'सगळाच' म्हणणारं गिऱ्हाईक त्याला नवीन नसावं.

घरी आल्यावर पहिली अडचण आली. चाकू जाड, कडक प्लास्टिकच्या डबीत चारी बाजूंनी चिकटवलेला होता. सावधानरावांनी नखं लावून पाहिली, दात लावून पाहिले, कडेनं दुमडून पाहिलं. डबी जागची हलेना. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग आत गेल्या आणि भाजीची सुरी घेऊन आल्या. त्या बोथट सुरीनं त्यांनी कडेला एक भोक पाडलं, जोर लावून फाडत नेलं आणि चाकू जावयाच्या हातात ठेवला.

"घ्या. जन्माला आला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात टक् टक् सुरू झालं. टीव्ही बघताना टक्, फोनवर बोलताना टक्, आणि बंद करताना एक वेगळा, जरा खोल टक्. सावधानराव डोळे मिटून उघडायला शिकले, डाव्या हातानं शिकले, पँटच्या खिशातून काढता काढता उघडायला शिकले. यात एकदा पँटचा खिसा कापला गेला. तो बायकोनं शिवला. सुईदोऱ्याला कुठलं पोलाद लागतं हे मात्र तिला कुणी विचारलं नाही.

"अहो, किती वेळा उघडता? आत काही ठेवलंय का?" ती म्हणाली.

"सराव लागतो. ऐन वेळी हात चालला पाहिजे."

ऐन वेळ मात्र काही केल्या येईना. सफरचंद समोर आलं तर फळाच्या आंबट रसानं पात्याला डाग पडेल म्हणून ते कापायचं नाही. घरी पार्सल आलं तर चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागेल म्हणून ते उघडायचं नाही. एकदा त्यांनी मन घट्ट करून ठरवलं, की लागू दे गोंद, पण आता उघडायचंच. ते अंघोळीहून बाहेर येतात तो बायकोनं घराच्या किल्लीनं पट्टी फाडून खोकं मोकळं केलं होतं.

"मला हाक मारायचीस ना!" ते टॉवेलवरच म्हणाले.

"खोकं उघडायला?"

ते कपडे घालायला आत गेले.

ऑफिसात चाकू खिशाला अडकवलेला असायचा, पट्टी बाहेर दिसेल असा. लोकांनी विचारावं म्हणून ते लिफ्टमध्ये जरा आडवे उभे राहायचे. कुणी विचारलं नाही. विक्री विभागातल्या एका गृहस्थाच्या शर्टाला दोरा लोंबताना दिसला, तेव्हा सावधानरावांच्या जिवात जीव आला. "हलू नका," असं म्हणून त्यांनी चाकू उघडला आणि दोरा कापला. दोरा बटणाचा होता. बटण टेबलाखाली गेलं आणि तो गृहस्थ दिवसभर पोटावर हात धरून फिरला. चाकूची कामगिरी इथवर एवढीच.

मग त्यांचं मन मोठ्या प्रसंगांकडे वळलं. अपघातात गाडी उलटली आहे, सीटचा पट्टा सुटत नाही, आतून कुणीतरी हाका मारतंय, आणि गर्दीतून सावधानराव वाट काढत पुढे येतात. काढतात. टक्. या चित्रात त्यांचे केस होते त्याहून दाट असायचे. सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांतल्या माणसांकडे ते हल्ली आशेनं बघू लागले होते. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. झालंच तर ते आपल्या समोर व्हावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

आणि एक दिवस ते झालं. गाडी नव्हती, पट्टाही नव्हता. साहेबांचा टाय होता.

साहेब म्हणजे शाखेचे मुख्य. त्यांना स्वतःच्या गुप्ततेचं मोठं कौतुक होतं. साध्या जेवणाच्या सुट्टीचं पत्रकही ते 'गोपनीय' असा शिक्का मारून पाठवायचे. कागदाचे बारीक पट्टे करणारं श्रेडर मशीन ऑफिसात आल्यापासून ते कुणालाही हात लावू देत नसत. स्वतः उभे राहून कागद आत सोडत. त्या दुपारी ते असेच वाकून कागद सोडत असताना टायचं टोक कागदाबरोबर आत गेलं. मशीननं फरक केला नाही. घर्र घर्र करत ते टाय गिळू लागलं आणि साहेब इंचाइंचानं नमस्काराच्या स्थितीत जाऊ लागले.

"अरे! अरे! कोणीतरी—"

सावधानराव पाणी पिऊन परतत होते. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि पाण्याची बाटली तिथेच सोडून दिली. हात आपोआप खिशाकडे गेला. टक्.

साहेबांची मान खाली ओढली गेली होती, त्यामुळे त्यांना येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसला नाही. त्यांना दोन बूट दिसले, आणि बुटांच्या वर, मांडीपाशी, एक चकचकीत उघडं पातं दिसलं. बूट त्यांनी ओळखले. जादा नाड्या बाळगणाऱ्या माणसाच्या बुटांना नाड्या नेहमी नव्या असतात.

"अहो, बढतीचं माझ्या हातात नव्हतं!" साहेब ओरडले.

सावधानराव थांबले.

"मी फक्त शेरा मारला! शपथेवर सांगतो, फक्त शेरा!"

"कसला शेरा?" सावधानरावांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांची समजूत अशी होती, की या वर्षी कुणालाच बढती मिळाली नाही.

"चांगला लिहिलाय! माणूस प्रामाणिक आहे असं लिहिलंय! फक्त... फक्त जबाबदारी देण्याजोगा नाही, एवढंच!"

हे सगळ्या मजल्यानं ऐकलं. विक्री विभागातले लोक खुर्च्यांवरून उठून उभे होते. मशीन घरघरत होतं. साहेबांचं नाक आता मशीनच्या झाकणाला लागायचं बाकी होतं.

त्याच वेळी पार्सलच्या बाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या हातात खालच्या खोक्यांची पावती होती. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, सावधानरावांकडे पाहिलं, चाकूकडे पाहिलं, आणि सरळ भिंतीपाशी जाऊन मशीनची पिन उपटली.

घरघर थांबली. "बंद केलंय," बाई म्हणाल्या. "थांबा तसेच. पिन परत लावून उलटं बटण दाबलं की टाय बाहेर येईल."

टाय ताणलेला होता. गडद निळा, रेशमी, तारेसारखा ताठ. सावधानरावांनी बाईंचे शब्द ऐकले, त्यांचा अर्थही त्यांना नीट कळला. मशीन बंद आहे. आता काहीच करायची गरज नाही. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन एका पिनेच्या उपटण्यानं संपलं होतं. चाकू उघडा होता, पातं कोरं करकरीत होतं, आणि 'जबाबदारी देण्याजोगा नाही' हे शब्द अजून कानात होते.

त्यांनी टाय कापला.

काय कापला म्हणता! एका फटक्यात, गाठीच्या खाली चार बोटांवर, असा सरळ की शिंप्यानंही मान डोलवावी. साहेब मागच्या मागे जाऊन जमिनीवर बसले. त्यांच्या गळ्यात गाठ आणि पुढे निळा तुकडा उरला, बेडकाच्या जिभेसारखा. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि बाकीचे वाजवत नाहीत हे बघून डास मारल्यासारखं केलं.

"वाचलात साहेब," सावधानराव म्हणाले. त्यांचा आवाज चांगलाच भारदस्त झाला होता.

पुढचे दिवस ऑफिसात दोन गोष्टी चालू होत्या. कोपऱ्याकोपऱ्यात साहेबांची नक्कल चालायची, 'फक्त शेरा! फक्त शेरा!' म्हणत लोक एकमेकांच्या पाया पडायचे. आणि दारं लावून साहेब विचार करत होते. साहेबांच्या गळ्यापाशी उघडा चाकू नेणारा कर्मचारी, म्हणजे नोकरीवरून काढायला याहून सोपं प्रकरण नाही. पण चौकशी लावली की साक्षी होणार, आणि साक्षीत साहेबांचं ते ओरडणं वाक्यन् वाक्य येणार. दुसऱ्या कुणाकुणावर मारलेले शेरे मग कोण गप्प ठेवणार?

त्यांनी सावधानरावांना बोलावलं. साहेबांनी त्या दिवशी टाय घातला नव्हता.

"बसा. झालं ते झालं. तुम्ही माझा जीव वाचवलात, असंच मी वर कळवलंय."

"आणि तो शेरा?"

"कसला शेरा?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "अहो, उलट तुम्हाला जबाबदारी द्यायचं ठरलंय. ऑफिसात धारदार वस्तूंचा सुळसुळाट झालाय. कोण केव्हा काय काढील नेम नाही." इथे त्यांनी सावधानरावांच्या खिशाकडे बघायचं टाळलं. "यावर नियंत्रण ठेवणारा एक अधिकारी हवा. ज्याला या विषयातलं कळतं असा."

आपण ज्यामुळे आरोपी व्हायचो त्याच गोष्टीचे आपण अधिकारी होतोय, हे सावधानरावांच्या ध्यानात आलं की नाही, सांगता येत नाही. आलं असलं तर त्यांनी ते फार लवकर गिळलं. "जबाबदारी मोठी आहे," ते म्हणाले, "पण मी तयार आहे."

दुसऱ्याच दिवशी पत्रक निघालं. कात्र्या, कटर, सुऱ्या, ब्लेड, टोकदार काहीही, टेबलात ठेवायचं नाही. सगळं एका लोखंडी कपाटात जमा होईल आणि कपाटाची किल्ली धारदार वस्तू नियंत्रण अधिकाऱ्यांकडे राहील. सर्वांत आधी सावधानरावांनी स्वतःचा चाकू सर्वांसमोर कपाटात ठेवला. मग ते टेबलाटेबलांवरून फिरले. जेवणाच्या खोलीतली फळं कापायची सुरी गेली. हिशेबवाल्यांच्या कात्र्या गेल्या. एका मुलीची नखं घासायची कानस गेली, तिनं विचारलं, "हिनं मी कुणाला मारणार?" तर सावधानराव म्हणाले, "तेच तर आपल्याला माहीत नाही."

लोक सफरचंदं दातांनी खाऊ लागले. निरोपाच्या एका समारंभात केक प्लास्टिकच्या पट्टीनं कापला गेला आणि तो पट्टीला जितका लागला तितका बश्यांत आला नाही. पाकिटं फाडताना आतली पत्रं फाटू लागली. सावधानरावांना आता सगळे ओळखायचे, लिफ्टमध्ये आडवं उभं राहायची गरज उरली नव्हती. ते आत आले की बोलणी थांबायची. हाच तो आदर, अशी त्यांची समजूत झाली.

घरी त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली.

"म्हणजे आता तुमच्याकडे चाकू नाही," बायको म्हणाली.

"चाकू काय घेऊन बसलीस? सगळ्या ऑफिसचे चाकू माझ्याकडे आहेत."

"आणि काम? तक्रारींचं?"

"तेही आहेच. पण हे धोरणात्मक आहे."

सासूबाईंनी वाटीतली आमटी संपवली आणि लेकीला म्हणाल्या, "चांगलं झालं गं. घरात टक् टक् थांबलं." जावईबापूंना हे अभिनंदन आहे की काय, याचा अंदाज येईना. त्यांनी आहे असं धरलं.

तळमजल्यावर मात्र हाल होते. रोज गाडीभर खोकी यायची आणि कटर तीन मजले वर कपाटात. दर वेळी वर जायचं, कारण सांगायचं, कटर घ्यायचा, संध्याकाळी परत करायचा. पार्सलच्या बाईंनी काही दिवस हे केलं. मग एका सकाळी त्या वर आल्या आणि सावधानरावांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. सावधानराव कपाटातल्या कात्र्या उंचीप्रमाणे लावत होते.

"कटर हवाय," बाई म्हणाल्या.

"काय कापायचंय?"

"खोकी. काल कापली तीच जात."

"किती वेळ लागेल? संध्याकाळच्या आत परत—"

"परत नाही करणार. खालीच ठेवणार."

सावधानराव सावकाश वळले. अधिकाऱ्यानं आवाज चढवायचा नसतो असं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. "बाई, नियम सगळ्यांना सारखा. मी माझा स्वतःचा चाकूसुद्धा ठेवलाय."

बाईंनी एक खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. जिने चढून दमल्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही ऐकू जाणार नाही इतका.

"त्या दिवशी मी म्हणाले होते, बंद केलंय. तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

सावधानरावांच्या हातात एक लांब कात्री होती. त्यांनी ती उगाच उघडली, मिटली.

"गडबडीत... नीटसं नाही..."

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी मशीनकडे बघितलंत, मग पिनेकडे. मग कापलंत."

पलीकडे कुणाचा तरी फोन वाजत होता. सावधानरावांना फार काय काय सांगावंसं वाटलं. शेऱ्याबद्दल, त्या ताठ निळ्या रेशमाबद्दल, इतक्या महिन्यांत पात्यानं एका बटणाखेरीज काही पाडलं नव्हतं याबद्दल. ऐकून घेणारं माणूसही समोर होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"तुम्ही हे कुणाला..."

"मला खोकी उघडायची आहेत," बाई म्हणाल्या. "बाकी मला काही नको."

सावधानरावांनी कपाटातून कटर काढला. मग जरा थांबून दुसराही काढला, आणि एक कात्री. बाईंनी तिन्ही वस्तू एका हातात धरल्या, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि त्या जिन्याकडे निघाल्या. जाता जाता शेजारच्या मुलीच्या टेबलापाशी थांबून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुझी ती कानस होती ना गं? आपले नियंत्रण अधिकारी देताहेत, घेऊन ये."

मुलगी उठली आणि टेबलासमोर येऊन हात पुढे करून उभी राहिली. तिच्या मागे हिशेबवाल्यांपैकी दोघं खुर्च्या सरकवत उठले. सावधानरावांनी एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. मग ते कपाटात वाकले आणि कानस शोधू लागले.